पाठ उतरून घेण्याची नवी रीत

पनवेलहून सकाळीं मुंबईकडे निघणाऱ्या हार्बर गाडींत मोबाइलवर व्याख्यानें ऐकणारे विद्यार्थी आज सहज आढळतात. कोणी गणिताचा पाठ ऐकतो, कोणी स्थापत्यशास्त्राचा. सुमारें 49 किलोमीटरांच्या त्या प्रवासांत एक व्याख्यान पुरें होतें. परंतु हातांत दिसणारा हा पाठ विद्यार्थ्याच्या मालकीचा नसतो. तो दूरच्या संगणकावर असतो. चालकानें तो काढून घेतला कीं इकडे कोरा पडदा उरतो.

ही नुसती शंका नव्हे. ‘कोर्सेरा’ या अमेरिकन संस्थेनें 30 जून 2016 रोजीं आपली जुनी व्यवस्था बंद केली, तेव्हां तिच्यावरील शेंकडों अभ्यासक्रम दिसेनासे झाले. त्यांतील कांहीं पुढें नव्या व्यवस्थेंत आले, कांहीं आलेच नाहींत. मार्च 2017 मध्यें बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठानें 20,000 हून अधिक ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित व्याख्यानें लोकांस बंद करण्यास प्रारंभ केला. तीं कर्णबधिर व अंध व्यक्तींस वापरतां येण्याजोगीं नाहींत, असा सरकारी आक्षेप होता. आक्षेप रास्त होता. परंतु दुरुस्तीच्या खर्चाचें कारण देऊन विद्यापीठानें दारच लावून घेतलें. कांहीं जागरूक लोकांनीं आधींच प्रती करून ठेवल्या, म्हणूनच बाहेरच्या जिज्ञासूंस तीं पुन्हां मिळूं शकलीं.

मग प्रत कशी करावी? ॲपमधील ‘डाउनलोड’वर विसंबूं नये, तो पाठ बहुधा त्या ॲपमध्येंच उघडतो आणि वर्गणी संपली कीं बंद होतो. स्वतंत्रपणें उघडणारी फाइल हीच खरी प्रत. प्रथम परवान्याची अट वाचावी. आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं 2003 मध्यें आरंभिलेल्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमांत व्याख्यानें उतरवून घेण्याची सोय आहे. अन्यत्र, 1957 च्या प्रताधिकार कायद्यानें खासगी अभ्यासासाठीं न्याय्य उपयोगाची मुभा दिली आहे. मात्र ती कुलूप तोडण्याचा किंवा प्रती वांटण्याचा परवाना नव्हे.

चित्रफितीइतकींच टिपणें, प्रश्नसंच व पाठांचा क्रम हींही मोलाचीं असतात. तीं मागें राहिलीं तर व्याख्यानांचा ढीग उरतो, अभ्यासक्रम उरत नाहीं. प्रत्येक फाइलीस क्रमांक, विषय व तारीख द्यावी. एक प्रत संगणकांत आणि दुसरी वेगळ्या डिस्कवर ठेवावी. दोन्ही इंटरनेट बंद करून एकदां उघडून पाहाव्या.

पूर्वीं गुरुगृहीं पोथी वाचावयास मिळे. घरीं न्यावयाची तर ती स्वहस्तें उतरून घ्यावी लागे. साधन पालटलें, नियम पालटला नाहीं. हें काम परीक्षेच्या आदल्या रात्रीं करावयाचें नव्हे. अभ्यासक्रमास नांव घातलें, त्याच दिवशीं तें आरंभावें.