एपिसोडचा मजकूर : 'जय भीम कॉम्रेड' आणि चाळीतला पडदा

बसच्या गोंगाटात ज्यांना एपिसोड धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा मजकूर, थोडा कापून-छाटून.

आधी एक कबुली देतो. आनंद पटवर्धन यांची 'जय भीम कॉम्रेड' ही डॉक्युमेंटरी मी पहिल्यांदा मोबाईलवर पाहिली. जवळपास तीन तासांची फिल्म, लोकलमध्ये, चार दिवसांत, तुकड्या-तुकड्यांनी. गाणं आलं की मी दहा सेकंद पुढे, परत दहा सेकंद पुढे. म्हटलं, मुद्दा कळला ना, बास.

मुद्दा म्हणजे काय, तर ११ जुलै १९९७. घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलानं गोळीबार केला, त्यात दहा माणसं गेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते. झोपडपट्टी तोडण्यावरची त्यांची १९८५ची फिल्म आहे ना, 'हमारा शहर', तिच्यात घोगरे गायलेत. या शाहिराच्या जाण्यानं हातात घेतलेला कॅमेरा पुढे चौदा वर्षं चालू राहिला. मधे २००९ साली गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयानं जन्मठेप सुनावली, नंतर त्याला जामीन मिळाला. फिल्म २०११ला पूर्ण झाली.

आणि मुंबईत ती कुठे लागली? मल्टिप्लेक्समध्ये नाही. जानेवारी २०१२मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत, उघड्यावर. पुढे वस्त्या-वस्त्यांत फिरली. अशा फिल्म्सना टीव्हीचा दरवाजाही सहज उघडत नाही. पटवर्धनांचीच 'फादर, सन अँड होली वॉर' दूरदर्शनवर दाखवा, हे सांगायला २००६ साली सुप्रीम कोर्ट लागलं!

दुसऱ्यांदा मी ही फिल्म एका वस्तीतल्या समाजमंदिरात पाहिली. पुढे सतरंजीवर पोरं, मागे खुर्च्यांवर आज्या. तिथे गाणी पुढे ढकलायला बटणच नव्हतं. पहिलं गाणं लागलं आणि मागून आवाज आला. आज्या गात होत्या, शब्द पाठ. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की मी ज्याला 'मधली गाणी' समजत होतो, तीच फिल्म आहे. कोर्टाच्या कागदात जे मावलं नाही, ते या लोकांनी गाण्यात ठेवलंय. गोळीबाराचं चित्रण आलं तेव्हा मात्र कोणी चुळबुळसुद्धा केली नाही. दिवे लागल्यावर सातवी-आठवीतला एक मुलगा उठला, म्हणाला, "हार घातला कोणी, ते सापडलं का?" मोठी माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

मोबाईल वाईट असं मी म्हणत नाहीये हं. पण मोबाईलवर हा प्रश्न मी विचारणार कोणाला?

तुम्हाला तुमच्या गल्लीत असा शो लावायचा असेल तर आधी फिल्म बनवणाऱ्याला विचारा. ऑनलाइन दिसते म्हणजे चौकात दाखवायची मोकळीक मिळाली, असं नसतं. पैसे कमी असतील तर प्रोजेक्टर साधा चालेल, पण स्पीकर चांगला घ्या. चित्र जरा फिकट असलं तरी लोक बसतात, बोलणं कळलं नाही की उठतात. पडदा म्हणून पांढरी चादर ताणून बांधा, नाहीतर वाऱ्यानं सगळ्यांचे चेहरे हलतात. मोठी फिल्म हिवाळ्यात ठेवा. सातला चांगला अंधार होतो आणि रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणजे तीन तास बरोब्बर बसतात. चर्चा त्यानंतर, माईकशिवाय. आमच्याकडे ती साडेअकरापर्यंत चालली, चहा दोनदा झाला.