जाड तारेचा आवाज पेटीत मावतो कसा

दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांची धावपळ सुरू होते आणि मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्तानं पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी रात्रभराचे प्रयोग लागतात. रंगमंचासमोर बसलेल्या वादकांकडे टक लावून बघणाऱ्या पोरांपैकी एखादा पुढे बेस गिटार हाती घेतो. मग त्याला कळतं की अ‍ॅम्पशिवाय हे वाद्य जवळजवळ मुकं आहे, आणि तयार बेस अ‍ॅम्प महाग नि जड. मोटरसायकलवर मागे बांधून नेता येईल असा पंधरा-अठरा वॅटचा अ‍ॅम्प मात्र घरी बनवता येतो.

बेसची सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंपते. पुढचा प्रत्येक सुटा भाग निवडताना एकच विचारायचं : हा ४१ हर्ट्झला वाट देतो का?

पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल क्षीण असतो, त्याच्यावर भार टाकला की आवाजाची धार जाते. म्हणून पहिल्या टप्प्याला टीएल०७२ हा ऑप-अ‍ॅम्प आणि इनपुटला १ मेगाओहमचा रेझिस्टर. इथं सिग्नल पाच ते दहा पट वाढवायचा, मग व्हॉल्यूमचा पॉट, आणि त्यापुढे एलएम१८७५ ही पॉवर चिप.

चिपला दुहेरी पुरवठा द्या. १५-०-१५ व्होल्ट, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावले की साधारण अधिक-उणे २० व्होल्ट मिळतात. एकेरी पुरवठ्यावर चालवलं तर स्पीकरच्या वाटेत कपॅसिटर घालावा लागतो. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ४ ओहमचा स्पीकर ही जोडी ४० हर्ट्झलाच आवाज गाळू लागते, म्हणजे नेमकी आपली ई तार अडते. दुहेरी पुरवठ्यात तो अडथळाच नाही. टीएल०७२ला मात्र २० व्होल्ट झेपत नाहीत, त्याला ७८१५ आणि ७९१५ रेग्युलेटरमधून पुरवठा द्या. हे दोघे दिसायला जुळे असले तरी पायांची रचना वेगळी आहे. ७८१५ची जोडणी पाहून ७९१५ जोडला तर तो गेलाच समजा.

८ ओहमच्या स्पीकरवर ही चिप जास्तीत जास्त दहा वॅटच्या आसपास उष्णता टाकते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात खोलीच ४५ अंशांची असते, तेव्हा हीटसिंक पुण्या-मुंबईच्या हिशेबानं घेऊ नका, एक माप मोठा घ्या. चिपची धातूची पाठ आतून उणे पुरवठ्याला जोडलेली असते. तिच्या आणि हीटसिंकच्या मध्ये अभ्रकाचा पत्रा, आणि स्क्रूला प्लास्टिकचा वॉशर हवाच.

आता पेटी. माझ्या मते अर्ध्याहून अधिक अ‍ॅम्प इथंच आहे. बंद पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि स्पीकरला आवळून धरते. पेटी जितकी लहान, तितकी ती स्प्रिंग कडक, आणि खालचा सूर तितका लवकर गळतो. १० इंची वूफरला सुमारे ३० लिटर जागा द्या. आतून ३६ × ३६ × २५ सेंटिमीटरची पेटी पुरते. एवढ्या पेटीत बहुतेक वूफरचा आवाज ७०-८० हर्ट्झच्या खाली गळू लागतो. मग ई तारेचं काय? तार ४१वर कंपते तशी ८२वर आणि १२३वरही कंपते. ते वरचे सूर नीट पोचले की कान खालचा सूर स्वतः भरून काढतो. लहान पेटीतून बेस ऐकू येतो तो यामुळे.

बल्लारपूर-आलापल्लीचं सागवान नावाजलेलं, म्हणून पेटीही सागाचीच करावी असं वाटतं. पण अखंड फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि सांधा उघडतो. १८ मिलिमीटरचं प्लायवूडच बरं. फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून आतले सांधे भरा. हवा कुठूनही निसटता कामा नये.

सगळ्यात जास्त काळजी अर्थिंगची घ्या. गिटारच्या लोखंडी तारा अ‍ॅम्पच्या चॅसिसला जोडलेल्या असतात आणि त्यांवर तुमची बोटं असतात. खेड्यात पुष्कळ घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते. अंगणात अर्थिंग करून घ्या, फ्यूज टाका, आणि गुणगुण घालवायला अर्थची वायर कधीही तोडू नका. वीज भरवशाची नसेल तर १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडा, मधला सांधा ग्राउंड करा. पाच-सहा वॅट मिळतात, सरावाला पुष्कळ.

पहिल्यांदा चालू करताना स्पीकर जोडू नका. मेन्सच्या वाटेत ६० वॅटचा साधा दिवा सिरीजमध्ये घाला. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करा. मग मल्टिमीटरनं आउटपुटवरचा डीसी मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर बंद करून दिवा काढा, स्पीकर जोडा, पेटी खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर ठेवा म्हणजे भिंतीही खालच्या सुराला हात देतील, आणि व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून जाड तार छेडा.