आपल्या गावची माणसे, आपला कॅमेरा

वाचकहो, आपल्या घरी छायाचित्रांचा एखादा जुना संग्रह असेलच. सुट्टीच्या दिवशी तो सवडीने काढून पाहावा. लग्ने, मुंजी, बारशी, महाबळेश्वरची सहल, आजोबांची एकसष्टी असे सारे त्यात सापडेल. मग त्यात आणखी एक माणूस शोधावा. गेली वीस वर्षे ज्याने आपल्या घरच्या वहाणा शिवल्या तो, किंवा जिच्या इस्त्रीशिवाय मुले शाळेत गेली नाहीत ती. बहुधा तो माणूस सापडणार नाही. हाती मोबाईल आल्यापासून आपण पूर्वीच्या शंभरपट छायाचित्रे काढतो. उपाहारगृहातल्या डोशाचीही चार निघतात. कोपऱ्यावरच्या चर्मकाराचे मात्र एकही निघत नाही.

हे मला सुचले ते नोकरीतल्या एका क्षुल्लक प्रसंगामुळे. भाषांतर आणि संपादन हा माझा व्यवसाय. छायाचित्राखालच्या ओळी मराठीत आणणे हे त्यातले सर्वांत हलके काम समजले जाते. एकदा माझ्यापुढे एक छायाचित्र आले. चित्रात डोक्यावर घमेले घेतलेली एक बाई आणि तिच्यामागे अर्धवट उभी राहिलेली काँक्रीटची भिंत होती. खाली मूळ ओळीत इमारतीचे नाव होते, वास्तुशिल्पज्ञाचे नाव होते, साल होते आणि शेवटी ‘एक मजूर’ एवढेच शब्द होते. त्यांचे भाषांतर करावयास कितीसा वेळ लागणार? पण त्या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबून राहिले.

ज्या चंडीगढ शहरात मी गेली आठ वर्षे राहते, तेथे असे थांबण्याचे प्रसंग वारंवार येतात. विद्यापीठ, वैद्यकीय संस्था आणि संशोधनशाळा असलेले हे नगर. ल कॉर्ब्यूझिए १९५१ साली येथे आला आणि ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते राजधानीचे उद्‌घाटन झाले. नगर उभे राहत असतानाच त्याची छायाचित्रे जगभर गेली. ल्यूसिआँ एर्व्हे हा कॉर्ब्यूझिएचा आवडता छायाचित्रकार, त्याने ती काढली. स्वित्झर्लंडच्या एर्न्स्ट शायडेगरने १९५६ साली काढली. पिएर जानरे हा कॉर्ब्यूझिएचा चुलतभाऊ १९५१ पासून १९६५ पर्यंत येथेच राहिला आणि हौसेने कॅमेरा वापरीत असे. वास्तुकारांच्या चमूतील तरुण जीत मल्होत्रा यांनीही बांधकामाची छायाचित्रे टिपून ठेवली. विधानसभा, उच्च न्यायालय, सचिवालय या इमारतींना २०१६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, आणि त्यांच्या उभारणीचा इतिहास आपण आज याच चित्रांतून वाचतो.

त्या चित्रांत यंत्रे थोडी आणि माणसे फार आहेत. लाकडी उतरणीवरून घमेली घेऊन चढणाऱ्या बायका, गाढवांचे तांडे, बांबूच्या पराती. जगात गाजलेले ते काँक्रीट डोक्यावरून वर गेले आहे. परंतु चित्रांखाली त्या बायकांची नावे जवळजवळ कोठेच आढळत नाहीत. मधू सरीन यांनी या नगराच्या नियोजनावर १९८२ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. नगर बांधणाऱ्या मजुरांना राहावयास मूळ आराखड्यात जागाच धरली नव्हती, हे त्यांनी त्यात तपशिलाने दाखविले आहे. आराखड्यात ज्यांना घर मिळाले नाही त्यांना चित्राखालच्या ओळीत नावही मिळू नये, या योगायोगाचे मला अद्याप वाईट वाटते.

ही उणीव चंडीगढपुरती किंवा त्या काळापुरती आहे असे मात्र नाही. ती आपल्याकडे कॅमेऱ्याबरोबरच आली. मुंबईत १८५४ साली ‘फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या एतद्देशीय सभासदांपैकी एक होत. त्याच सुमारास विल्यम जॉन्सन नावाचा इंग्रज मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींची आणि धंद्यांची माणसे कॅमेऱ्यापुढे उभी करीत होता. पुढे १८६३ आणि १८६६ साली त्याने ती चित्रे दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपलेली आहेत आणि पाठीमागचा देखावा भलतीकडचा जोडलेला आहे. माणसे कातरून देखाव्यावर चिकटविली आणि सगळ्याचे पुन्हा एक चित्र केले, अशी ती युक्ती होती. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ या नावाने आठ खंड काढले. त्यांत ४६८ छायाचित्रे आहेत. खाली बहुधा जमातीचे नाव आणि तिच्या स्वभावाविषयी सरकारी शेरा. माणूस हा तेथे नमुना म्हणून उभा आहे.

आपण आपल्या गल्लीत कॅमेरा घेऊन निघतो तेव्हा हा वारसा नकळत आपल्याबरोबर चालत असतो. पिळदार मिशांचा म्हातारा दिसला की आपण थांबतो, सुरकुत्या टिपतो आणि पुढे जातो. त्याचे नाव विचारीत नाही. मीही पुष्कळ दिवस हेच केले आहे.

आता चंडीगढमध्ये टिपण्यासारखे कारागीर आहेत तरी कोठे, असे कोणी विचारील. पुण्यात तांबट आळी आहे, बुरूड आळी आहे, आळीचे नाव घेतले की धंदा डोळ्यांपुढे उभा राहतो. येथे आळी नाही. सुमारे आठशे मीटर रुंद आणि बाराशे मीटर लांब असे एकेक सेक्टर, त्याला क्रमांक, आणि मधून जाणारा बाजाराचा रस्ता. पण माणसाचा धंदा आराखड्याची वाट पाहत नाही. घरांच्या मागल्या अरुंद वाटेत, झाडाखाली टेबल मांडून कोळशाची इस्त्री फिरविणारे प्रेसवाले उभे असतात. बाजाराच्या टोकाशी सायकलच्या नळ्या जोडणारा बसतो. भिंतीवर आरसा टांगून कोणी दाढी करून देतो. हातगाडीवाल्यांच्या बाजारांना येथे ‘रेहडी मार्केट’ म्हणतात, आणि ते नगराच्या पहिल्या दिवसांपासून आहेत. या शहरातल्या झाडांची कामगारांना होणारी सोय नियोजनकारांच्या ध्यानी होती की नव्हती, कोण जाणे!

प्रत्यक्ष छायाचित्र कसे घ्यावे, याविषयी मला जे अनुभवाने कळले ते सांगते. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, घरातला साधा मोबाईल पुरे. पहिल्या दिवशी तोही बाहेर काढू नये. वहाण शिवावयास द्यावी, बाजूला बसून राहावे, काम कसे चालते ते पाहावे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस विचारावे, “तुमचे काम करतानाचे चित्र काढू का?” नकार मिळाला तर तो हसून स्वीकारावा. लहान मुलाचे चित्र त्याच्या आईबापांना विचारल्यावाचून कधीही घेऊ नये. आणि चित्र काढण्याची परवानगी म्हणजे ते समाजमाध्यमांवर टाकण्याची परवानगी, असा अर्थ करू नये. तो प्रश्न वेगळा विचारावा लागतो.

झाडाखालच्या माणसाचे चित्र काढणे दिसते तितके सोपे नाही. पानांतून झिरपणारे ऊन तोंडावर ठिपक्याठिपक्यांनी पडते आणि चेहरा ओळखू येत नाही. अशा वेळी सावलीच्या कडेशी, मोकळ्या आकाशाकडे तोंड येईल असे थोडे सरकून बसण्याची विनंती करावी. सकाळी नऊच्या आत किंवा कलत्या उन्हात हा त्रास उरत नाही. माणूस जमिनीवर बसून काम करीत असेल तर आपणही बसावे. उभ्याने घेतलेल्या चित्रात तो आपल्याकडे मान वर करून पाहतो आणि उगाच केविलवाणा दिसतो. चित्र दुरून खेचून मोठे करू नये, त्यापेक्षा चार पावले जवळ जावे.

कामाचा क्षण ओळखण्यासाठी मात्र ते काम थोडेफार कळावे लागते. माझ्या लहानपणी कऱ्हाडला आमच्या वाड्याबाहेर कल्हईवाला येई. जमिनीत खळगा करून तो कोळसे पेटवी, भाता चाले, आणि घासून ठेवलेले पितळेचे पातेले निखाऱ्यांवर तापे. मग तो आत नवसागराची चिमूट टाकी. पांढरा धूर भपकन वर येई आणि नाकाला झोंबे. लगेच कथलाची कांडी तापल्या धातूला लावून कापसाच्या बोळ्याने तो ती आतून सर्वत्र फिरवी. कथील २३२ अंशांनाच वितळते, त्यामुळे सारा खेळ काही क्षणांचा. पिवळे पातेले पाहता पाहता चांदीसारखे पांढरे होई आणि पाण्यात बुडविताना चर्र आवाज करी. छायाचित्र घ्यावयाचे ते बोळा फिरताना, म्हणजे अर्धे भांडे पिवळे आणि अर्धे पांढरे असताना. हे मला आज कळते. त्या वेळी आमच्या घरी कॅमेरा होता, तो मुंजीसाठी जपून ठेवलेला होता. कल्हईवाल्याचे एकही चित्र आमच्याकडे नाही. त्याला सगळे ‘मामा’ म्हणत. त्याचे नाव काय होते हे आईला विचारले, आजीला विचारले, कोणालाही सांगता आले नाही.

म्हणून चित्र काढताच एका वहीत चार गोष्टी लिहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे. माणसाचे नाव, त्याने जसे सांगितले तसे; धंदा; हत्यारांना तो काय म्हणतो ते; ठिकाण आणि तारीख. हत्यारांच्या नावांत भाषांतरकाराला तर मेजवानीच मिळते. चामडे कापण्याच्या आपल्या ‘रापी’ला उत्तरेकडचा कारागीर ‘रांपी’ म्हणतो, एवढाच काय तो फरक! आपल्या गावी ही नावे कोशात शोधण्यापेक्षा दुकानात विचारावी. कासाराच्या, बुरुडाच्या, लोहाराच्या कामातले कितीतरी शब्द कोशकारांच्याही हाती लागलेले नाहीत.

ज्यांनी हे काम निष्ठेने केले त्यांपैकी दोघांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. अकोल्याचे सुधारक ओलवे हे मुंबईतील वृत्तपत्रांचे छायाचित्रकार. महानगरपालिकेचे सफाई कामगार त्यांनी वर्षानुवर्षे टिपले, आणि तेही गटारातल्या कामापुरते टिपून थांबले नाहीत, तर त्यांच्या घरांपर्यंत, कुटुंबांपर्यंत गेले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दुसरे पी. साईनाथ. २०१४ च्या डिसेंबरात त्यांनी सुरू केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात विणकर, गुराखी, शेतमजूर यांची छायाचित्रे त्यांच्या नावागावासह दिली जातात, आणि मजकूर मराठीसह अनेक भाषांत वाचावयास मिळतो. ‘एक मजूर’ या शब्दांचे काय करावे, याचे उत्तर मला तेथे मिळाले.

परदेशातील एक गोष्ट मोठी मजेची आहे. अमेरिकेचा अर्विंग पेन याने १९५०-५१ साली पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क येथील लहानसहान धंदेवाल्यांना आपल्या चित्रशाळेत बोलाविले. ‘कामाच्या वेषात, हत्यारे घेऊन या’ असे सर्वांना सांगितले होते. न्यूयॉर्कचे काही लोक मात्र दाढी करून, ठेवणीतला काळा सूट घालून हजर झाले! पेनला हे चमत्कारिक वाटले. मलाही वाचताना हसू आले होते.

गेल्या हिवाळ्यात ते हसू माझ्याच अंगावर आले. आमच्या बाजाराच्या टोकाशी, जांभळीच्या झाडाखाली एक वयस्क चर्मकार बसतात. महिनाभराच्या ओळखीनंतर मी परवानगी मागितली. हातातले काम न थांबविता ते म्हणाले, “मॅडमजी, तीन वेळा लोक येऊन माझा फोटो घेऊन गेले. एकानेही मला दाखविला नाही. तो कसा आहे ते तरी सांगा.” मी वरमले. चित्र आणून देईन असा शब्द दिला. त्या दिवशीचे चित्र चांगले उतरले. गुडघ्यात धरलेला जोडा, दातांत दोरा, रांपीवर पडलेला उजेड. कागदावर ते मोठे छापून घेतले, मागे पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहिली, आणि आठवड्याने नेऊन दिले.

ते त्यांनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, “काम चांगले आले आहे. पण हे गावी पाठविता येणार नाही. रविवारी याल का?”

रविवारी ते दाढी करून, धुतलेला पांढरा सदरा आणि करडा स्वेटर घालून, झाडापासून दूर एका स्वच्छ भिंतीपुढे उभे राहिले. हत्यारांची पेटी त्यांनी मुद्दाम कापडाने झाकून ठेवली होती. मला पेटी हवी होती, त्यांना नको होती. मी ती मागितली नाही. ताठ उभे राहून, दोन्ही हात बाजूला सोडून त्यांनी चित्र काढून घेतले. त्याच्या तीन प्रती मी दिल्या. एक गावी पत्नीला, एक मुलीच्या सासरी, एक स्वतःजवळ. पहिले चित्र त्यांनी कागदात नीट गुंडाळून माझ्या हाती परत ठेवले. “हे तुमच्याजवळ असू द्या,” ते म्हणाले, “नाव लिहिले आहे ना मागे?”