बैलाच्या शिंगाचा कॅन्सर, उंदराची अँटीबॉडी आणि मांसाची तपासणी

दसरा उरकला की चौसाळा आणि आसपासच्या गावांतून ऊसतोडीच्या बैलगाड्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि त्या कुटुंबाचं सगळं भांडवल म्हणजे ती बैलजोडी. अशा वेळी एका बैलाचं शिंग कलायला लागलं तर घरावर काय येतं, हे बीड जिल्ह्यात कुणाला सांगायची गरज नाही. आपल्या समाजातही बैल बाळगणारे आणि जनावरांचा व्यापार करणारे पुष्कळ आहेत. म्हणून आज शिंगाच्या कॅन्सरबद्दल लिहितो आहोत. त्याच्या तपासणीमागचं विज्ञान पुढे भलत्याच ठिकाणी, थेट कोर्टापर्यंत उपयोगी पडतं, तेही सांगू.

शिंग बाहेरून कठीण दिसतं, पण आतून पोकळ असतं. त्या पोकळीला मऊ अस्तर असतं आणि कॅन्सर तिथे सुरू होतो. हा आजार मुख्यतः आपल्या देशी जातीच्या, खच्ची केलेल्या बैलांत दिसतो. गाईंत आणि वळूंत तो फार कमी. जू घासणं, शिंगं तासणं, रंगवणं, ऊन, खच्चीकरणामुळे बदललेले हार्मोन अशा अनेक कारणांचा संशय घेतला गेला, पण एकच कारण पक्कं ठरलेलं नाही. बैल डोकं सारखं हलवतो, एका बाजूला कलतं धरतो, शिंग खांबाला घासतो. त्याच बाजूच्या नाकपुडीतून घाण वासाचं, कधी रक्ताळ पाणी येतं. मग शिंग मुळाशी सैल होऊन वाकतं, आणि शेवटी निखळलं तर आत फुलकोबीसारखी गाठ दिसते. नाकातून पाणी आलं की आपल्याकडे ‘सर्दी आहे, होईल बरी’ म्हणतात. महिना तिथेच जातो. लवकर कळलं तर शिंग मुळापासून काढण्याचं ऑपरेशन होतं, सोबत व्हिन्क्रिस्टिनसारखी औषधंही देतात. हा आजार माणसाला लागत नाही, गोठ्यातल्या पोरांना भिण्याचं कारण नाही.

आता गाठ कॅन्सरचीच, आणि कुठल्या जातीच्या कॅन्सरची, हे कसं ठरतं? गाठीचा तुकडा पातळ कापून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. शंका राहिली, किंवा संशोधन करायचं असलं, तर अँटीबॉडी वापरतात. अँटीबॉडी म्हणजे शरीर परक्या पदार्थाविरुद्ध तयार करतं ते प्रथिन. ती समोरच्या प्रथिनाचा एक छोटासा भाग ओळखते आणि तिथेच चिकटते. कुलूप-किल्लीचं उदाहरण आम्ही वर्गात देतो, तेच इथे चालेल. १९७५ साली कोलर आणि मिलस्टाइन या शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशींपासून एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं.

पण बाजारात मिळणाऱ्या अशा बहुतेक अँटीबॉडी माणसाच्या प्रथिनांविरुद्ध बनवलेल्या. बैलासाठी खास कोण बनवणार? इथे कुदरतची एक गोष्ट कामी येते. केस, नखं, शिंग ज्याचे बनतात ते केराटिन कातडीच्या आणि आतल्या अस्तराच्या पेशींतही असतं, आणि त्याचे काही भाग माणूस, बैल, कुत्रा, शेळी सगळ्यांत जवळजवळ सारखे आहेत. म्हणून माणसाच्या केराटिनविरुद्ध उंदरात बनलेली ‘एई१/एई३’ नावाची अँटीबॉडी बैलाच्या गाठीतही चिकटते, आणि त्या पेशी तपकिरी दिसतात. यावरून गाठ अस्तराच्या पेशींची आहे हे कळतं. ‘पीसीएनए’ हे पेशींच्या वाढीशी जोडलेलं प्रथिन तर इतकं कमी बदललेलं आहे की उंदीरवर्गीय प्राण्याच्या प्रथिनावरून बनवलेली अँटीबॉडी कितीतरी प्राण्यांत चालते. एका प्राण्यासाठीची अँटीबॉडी दुसऱ्यात लागू पडण्याच्या या गुणाला क्रॉस-रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात.

हे दरवेळी जमतं असं मात्र मुळीच नाही. माणसाच्या लिम्फोमा या कॅन्सरवर रिटुक्सिमॅब नावाची अँटीबॉडी औषध म्हणून देतात. अमेरिकेत तिला १९९७ साली मंजुरी मिळाली. कुत्र्यांनाही तसाच लिम्फोमा होतो, त्यांच्या पेशींवर तेच सीडी२० प्रथिन असतं. तरी हे औषध कुत्र्याला लागू पडत नाही, कारण ते जिथे चिकटतं तेवढाच भाग कुत्र्यात वेगळा आहे. नाव एक, काम एक, पण किल्ली बसत नाही. उलट बाजूही आहे: अँटीबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटते आणि रंग उमटतो, बघणाऱ्याला वाटतं सापडलं. म्हणून चांगली प्रयोगशाळा त्याच जातीच्या जनावराचा निरोगी तुकडा सोबत तपासते, आणि एक तुकडा मुख्य अँटीबॉडी न घालताही तपासते. हे दोन्ही नसतील तर त्या तपकिरी रंगावर भरवसा ठेवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पशुपालकाच्या हातात एवढंच असतं की तुकडा नीट जावा. ऑपरेशननंतर डॉक्टरांना सांगून अर्धा-एक सेंटिमीटर जाडीचा तुकडा दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रवात ठेवून घ्यावा. बर्फात गोठवू नये. आपल्या भागाला परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळचं आहे, तालुक्याच्या पशुवैद्यकांमार्फत नमुना तिकडे पाठवता येतो.

आता कोर्टाची गोष्ट. १९०१ साली जर्मनीत उलेनहूट यांनी सशाला दुसऱ्या प्राण्याचं प्रथिन टोचून मिळालेल्या अँटीबॉडीने रक्त कुठल्या प्राण्याचं ते ओळखण्याची चाचणी दाखवली. मांस ओळखायलाही हीच पद्धत वापरली गेली. कोंबडी आणि शेळी तिने सहज वेगळी होतात. पण गाय आणि म्हैस एकमेकींच्या इतक्या जवळच्या की गाईविरुद्धची अँटीबॉडी म्हशीच्या प्रथिनालाही चिकटू शकते. तो जादा भाग शोषून काढण्याची पद्धत आहे, पण काम किचकट. शिजलेल्या मांसात तर प्रथिनांचा आकारच मोडलेला असतो. त्या मानाने डीएनए तपासणी गाय आणि म्हैस यांत पक्का फरक करते. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत अशी तपासणी होते.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाईसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, म्हशी-रेड्याच्या मांसावर ती नाही. म्हणजे पकडलेला माल कशाचा, यावर एखाद्या कसाई भावाची सुटका किंवा कैद ठरते. बंदी कायम ठेवतानाच मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ च्या निकालात, निर्दोष असल्याचं आरोपीनेच सिद्ध करावं हे कलम रद्द केलं. त्यामुळे आरोपपत्राला जोडलेला प्रयोगशाळेचा अहवाल वकिलासोबत बसून वाचावा: चाचणी अँटीबॉडीची होती की डीएनएची, म्हशीचा नमुना तुलनेला घेतला होता का, आणि नमुना कच्च्या मांसाचा होता की शिजलेल्या. अँटीबॉडीचीच चाचणी असेल तर डीएनए तपासणीची मागणी वकिलामार्फत लगेच करावी, कारण ठेवलेला नमुना फार दिवस टिकत नाही.