सोळा गाद्यांचे तालयंत्र

भोपाळच्या उत्तर अंगास असलेल्या करोंदमध्ये, जेथे मंडीतील हमालांच्या पाठीवरून उतरणारी कोणतीही दोन पोती समान अंतराने जमिनीवर पडत नाहीत आणि तरीही त्या कामाला लय आहे याविषयी ऐकणाऱ्याला तिळमात्र शंका राहत नाही, तेथे बसून मी एका परदेशी यंत्राविषयी लिहीत आहे. स्थळ अप्रस्तुत वाटेल. मला तसे वाटत नाही.

ते यंत्र हिप हॉपचे, आणि हिप हॉप म्हटले की आपल्याला शब्द म्हणणारा आठवतो. आमच्या भोपाळात जन्मलेला डिनो जेम्स हिंदीत रॅप करतो, मुंबईच्या ‘स्वदेशी’ संचातील एमसी मवाली मराठीत. याच संचाने मुंबईतील आरेच्या जंगलातले आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 2019 साली ‘द वारली रिव्होल्ट’ हे गीत सिद्ध केले. परंतु ज्याच्या ठेक्यावर हे शब्द उभे राहतात त्या बीट रचणाऱ्याच्या वाट्यास, कीर्तनात मृदंग्याला मिळतो तेवढाही मान येत नाही. वास्तविक या कलेची सुरुवातच त्याच्यापासून झाली. 11 ऑगस्ट 1973 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका मेजवानीत डीजे कूल हर्क याने तबकड्या वाजवल्या, आणि गाण्यातील केवळ तालाचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवण्याची त्याची रीत, हाच या संगीताचा पाया ठरला.

हाताच्या त्या करामतीला पेटीत बसवण्याचे श्रेय रॉजर लिन या अमेरिकी अभियंत्याकडे जाते. खऱ्या ढोलांचे आवाज अंकरूपाने साठवणारे एलएम-1 हे यंत्र त्याने 1980 मध्ये काढले. पुढे स्वतःचा कारखाना बंद पडल्यावर अकाई या जपानी कंपनीसाठी त्याने रचलेले एमपीसी60 हे तालयंत्र 1988 साली बाजारात आले. त्याच्या दर्शनी भागावर चार ओळींत चार याप्रमाणे सोळा रबरी गाद्या, म्हणजे पॅड. आणि मूळ साठवण अवघी तेरा सेकंदांची! आजच्या सुबत्तेत हे हास्यास्पद वाटेल, पण त्या काटकसरीमुळेच नेमका कोणता आवाज ठेवावा याचा विवेक कारागिरांना शिकावा लागला असावा, असे माझे मत आहे. गादी बोटाचा जोर ओळखते. विशिष्ट कळ धरून तिच्यावर बोट दाबून ठेवले तर ठोके आपोआप उमटत जातात आणि दाबाबरोबर चढतात, उतरतात. तबल्याचा रेला ज्याने ऐकला आहे त्याला यातील गोडी निराळी सांगायला नको.

खरी मेख पुढेच आहे. चुकलेला ठोका यंत्र बिनतक्रार नेमक्या जागी आणून बसवते. पण ही जागा कोणती, हे ठरवण्याचा अखत्यार लिनने वादकाच्या हाती ठेवला. ठोक्यांच्या जोडीतील दुसरा ठोका 50 टक्क्यांवर ठेवला तर चाल सरळ, 66 च्या आसपास नेला तर तिश्र जातीचा झोका, आणि 75 ही शेवटची हद्द. डेट्रॉइटचा बीटकार जे डिला याने एमपीसी3000 या पुढच्या यंत्रावर लडखडणारी आणि तरीही न पडणारी अशी जी चाल निर्माण केली, ती त्याने ही दुरुस्ती सरळ बंद करून साधली असा प्रवाद दीर्घकाळ होता. डॅन चार्नस याने ‘डिला टाइम’ या 2022 च्या ग्रंथात तो अपुरा ठरवला: डिला यंत्रातल्याच सोयींचा आधार घेऊन एकेक आवाज किंचित पुढे-मागे सरकवीत असे. कायदा न मोडता कायद्यातून सवलत काढणाऱ्या हुशार वकिलासारखे हे काम आहे.

बंद खोलीतील ही कारागिरी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्सच्या अराबम्युझिकसारख्या बीटकारांनी रंगमंचावर आणली. त्याची बोटे त्या सोळा गाद्यांवर इतक्या वेगाने फिरतात की पाहणाऱ्याला यंत्राचा विसर पडून केवळ हात दिसतात. तेथे ठोका हुकला तर सर्वांसमक्ष हुकतो.

जे डिला 2006 साली, वयाच्या अवघ्या 32 व्या वर्षी वारला. त्याचे एमपीसी3000 त्याच्या आईने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस दिले. ते आता तेथील आफ्रिकी-अमेरिकी इतिहास व संस्कृतीच्या संग्रहालयाच्या संग्रही आहे.