पारख आणि ओळख : एका जपानी रत्नकथामालेचे प्रेक्षक

नानाको त्सुजिमुरा या लेखिकेच्या, २०१५ पासून प्रसिद्ध होत असलेल्या कादंबरीमालेवर आधारलेली बारा भागांची एक ॲनिमे मालिका जानेवारी ते मार्च २०२० या काळात जपानी दूरचित्रवाणीवर दाखविली गेली. तिचे दिग्दर्शन तारो इवासाकी यांचे होते. 'जवाहिऱ्या रिचर्ड महाशयांची कोड्यांची पारख' असा तिच्या शीर्षकाचा अर्थ. तोक्योच्या गिन्झा भागात रिचर्ड या इंग्रज रत्नव्यापाऱ्याची पेढी आहे, आणि सेइगी नाकाता हा महाविद्यालयीन तरुण तेथे चहा करण्यापासूनची कामे करतो. पेढीचे नाव 'एत्रांजे', म्हणजे फ्रेंच भाषेत परका. बहुतेक भागांत कोणी गिऱ्हाईक एखादे रत्न घेऊन येते, आणि रत्नाची पारख होता होता माणसाचे झाकलेले दुःख उघडे पडते.

या मालिकेविषयी प्रेक्षकांची मते सरळ दुभंगलेली आहेत. एका पक्षाला ती संथ व बोलघेवडी वाटते. पात्रे बसून बोलतात, चित्रांत हालचाल बेताची, योगायोग फार, आणि या आठवड्यातील माणूस पुढच्या आठवड्यात नाहीसा होतो. दुसऱ्या पक्षाला नेमके हेच प्रिय आहे. हा केवळ रुचिभेद मानून सोडून देता येण्यासारखा नाही. येथे दोन भिन्न घाटांच्या अपेक्षा एकमेकींवर आदळलेल्या आहेत.

एकेका भागात एकेक कथा पुरी करण्याची रीत जपानी लोकप्रिय साहित्यात चांगली मुरलेली आहे. किदो ओकामोतो यांनी १९१७ पासून लिहिलेल्या हान्शिचीच्या तपासकथांनी तिला भक्कम पाया दिला. त्या परंपरेत शोध घेणारा स्थिर राहतो आणि माणसे येऊन जातात. कादंबरीचे मोजमाप लावून अशा कथामालेत व्यक्तिविकास शोधणाऱ्याची निराशा होणे क्रमप्राप्त आहे.

तथापि केवळ परंपरेचा दाखला देऊन हा आक्षेप फिटत नाही. शीर्षकातील 'कान्तेइ' हा शब्द येथे अधिक उपयोगी पडतो. सामान्य भाषेत त्याचा अर्थ पारख. जपानी जवाहिऱ्यांच्या व्यवहारात मात्र 'कान्तेइ'पत्र, म्हणजे प्रतवारीचा दाखला, केवळ हिऱ्याला मिळतो. रंगीत रत्नांना मिळते ते 'कान्बेत्सु'पत्र : हे रत्न कोणते आणि त्यावर काही संस्कार झाला आहे काय, एवढेच ते सांगते. माणिक, नीलम यांना ओळख मिळते, प्रत मिळत नाही. शीर्षकात पारख असली तरी या मालिकेच्या उत्तम भागांत घडते ती ओळख.

पहिल्याच भागात सेइगी आपल्या दिवंगत आजीची गुलाबी नीलमाची अंगठी घेऊन येतो. ती आजीने तरुणपणी चोरलेली होती. मूळ मालकीण वृद्धावस्थेत सापडते, पण अंगठी परत घेण्याचे नाकारते. 'सेइगी' या नावाचाच अर्थ न्याय. न्याय करावयास निघालेल्या तरुणाच्या हाती निवाडा लागत नाही, दोन वृद्ध स्त्रियांची ओळख लागते.

दुसरा भाग अधिक धाडसी आहे. लग्न ठरलेली एक स्त्री माणिक घेऊन येते आणि एकच विचारते : याला ताव दिलेला आहे का? माणिक व नीलम ही एकाच खनिजाची, कुरुविंदाची, रूपे. उष्णता दिली म्हणजे त्यांचा रंग खुलतो, डाग विरतात. श्रीलंकेत ही रीत फार जुनी आहे, आणि आज बाजारात येणाऱ्या या जातीच्या बहुसंख्य रत्नांना ताव दिलेला असतो. मूळ स्वरूपातल्या निर्दोष रत्नाला किंमत अधिक पडते. रत्नाआडून ती स्त्री स्वतःविषयीच विचारीत असते, कारण तिचे प्रेम एका स्त्रीवर आहे आणि लग्न पुरुषाशी होऊ घातले आहे. जगाच्या बाजारात खपावे म्हणून माणसाने ताव सोसावा काय, असा हा प्रश्न आहे. काही प्रेक्षकांना हे रूपक फार उघड वाटते, आणि तो आक्षेप अगदीच अनाठायी नाही. दगड बोलू लागला की माणसाच्या वाटचे बोलणे कमी होते. परंतु जिला आपले दुःख स्वतःच्या नावाने मांडता येत नाही, तिला प्रयोगशाळेचा एक कोरडा प्रश्न तरी विचारता येतो, हे त्या भागाने नेमके हेरले आहे. पुढे तिचे काय झाले याचा पाठपुरावा मालिका करीत नाही, आणि त्या स्त्रीच्या बाजूने पाहता हे न विचारणेच सभ्यपणाचे आहे.

भारतीय अभ्यासकाला यातील बरेच काही ओळखीचे वाटेल. वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'तील रत्नविषयक अध्याय, बुद्धभट्टाची 'रत्नपरीक्षा', ठक्कुर फेरूची १३१५ मधील प्राकृत 'रयणपरिक्खा' या ग्रंथांत रत्नाचे गुणदोष आणि धारकाचे भाग्य यांची सांगड घातलेली आहे : सदोष रत्न धारण करणाऱ्याचे अनिष्ट करते. मालिकेत ही दिशा उलटते. दोष धारकाच्या आयुष्यात असतो आणि रत्न त्याला वाचा देते.

चौकटीच्या प्रश्नावर मात्र वेताळकथांची आठवण मालिकेला अडचणीत आणणारी आहे. 'कथासरित्सागरा'त वेताळाच्या अखेरच्या प्रश्नाला राजा त्रिविक्रमसेन निरुत्तर होतो, आणि त्या मौनातूनच चौकट पुढे सरकते. सुट्या कथांनी ती घटका जवळ आणलेली असते. ॲनिमेच्या उत्तरार्धात रिचर्डच्या इंग्लंडमधील कुळाचा आणि वारशाचा पेच पुढे येतो, तो गिऱ्हाइकांच्या कथांतून उगवलेला नाही, बाहेरून आणून बसविलेला आहे. येथे नाराज प्रेक्षकांचा पक्ष बलवान ठरतो. जे त्या पेचाला मालिकेचा कळस मानतात, ते बहुधा कादंबऱ्यांतील विस्ताराची भर मनोमन घालीत असावेत.

सर्वांत तिखट वाद रिचर्ड आणि सेइगी यांच्या नात्याविषयी आहे. सेइगी धन्याच्या सौंदर्याची मनमोकळी तारीफ करतो, रिचर्ड त्याला बोलण्यात जपून राहण्यास बजावतो. ही मैत्री की प्रेम? काहींच्या मते मालिका प्रेमाचे आमिष दाखवून हात आखडता घेते. ज्या मालिकेने दुसऱ्या भागात एका स्त्रीचे प्रेम निःसंकोच नावाने सांगितले, तिने येथे मौन पाळावे हे त्यांना खटकते, आणि खटकावे हे योग्यच आहे. मात्र मालिकेचे पहिले रत्न गुलाबी नीलम असावे, ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. क्रोमियमचे प्रमाण वाढत गेले की गुलाबी नीलम गडद होत जाऊन माणिक म्हणविला जातो. ही सीमा कोणत्या छटेवर आखावी, याविषयी जगभरच्या प्रयोगशाळांचे एकमत नाही. एकाच दगडाला एक पारखी माणिक म्हणतो, दुसरा गुलाबी नीलम.