'रन' या इंग्रजी क्रियापदाची अनेकार्थता : अर्थविचार आणि अध्यापन

प्रस्तावना

इंग्रजी शब्दसंपत्तीच्या अध्यापनाचा विचार करताना आपले लक्ष प्रथम दीर्घ व अपरिचित शब्दांकडे जाते. वस्तुतः मराठी माध्यमातून पदवी वर्गात आलेल्या विद्यार्थ्याची खरी अडचण सोप्या शब्दांपाशी असते. अपरिचित शब्द आला की तो कोश उघडतो. परिचित शब्दासाठी कोश उघडण्याची गरज त्याला वाटत नाही. 'रन' म्हणजे 'धावणे' हे त्याने शाळेतच पाठ केलेले असते. 'ही रन्स अ शॉप' या वाक्यात हा अर्थ घातला तर 'तो दुकान धावतो' असे निरर्थक वाक्य हाती येते. प्रस्तुत लेखात 'रन' या क्रियापदाच्या अनेकार्थतेचे स्वरूप स्पष्ट करून तिचा अध्यापनाशी असलेला संबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

१. कोशातील स्थान

ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली. त्या आवृत्तीत सर्वांत विस्तृत नोंद 'सेट' या शब्दाची होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतही या शब्दाच्या चारशेहून अधिक अर्थच्छटा नोंदविल्या गेल्या. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या संपादनात हे स्थान 'रन'कडे गेले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माहितीनुसार केवळ क्रियापद म्हणून 'रन'च्या ६४५ अर्थच्छटांची नोंद करण्यात आली आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो. इंग्रजीत 'बॅट' म्हणजे वटवाघूळ आणि 'बॅट' म्हणजे चेंडू मारण्याची फळी. या दोन शब्दांची व्युत्पत्ती भिन्न असून त्यांचे रूप केवळ योगायोगाने समान झाले आहे. 'रन'ची गोष्ट वेगळी आहे. त्याचे बहुतेक अर्थ एकाच मुळापासून फुटलेल्या शाखांसारखे आहेत.

२. अर्थविस्ताराची दिशा

'रन'च्या प्राचीन जर्मानिक मुळात माणसाच्या धावण्याबरोबर द्रवाचे वाहणेही अंतर्भूत होते. जर्मन भाषेत आजही 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे झिरपणे, वाहणे, अशी दोन सजातीय क्रियापदे आहेत. म्हणून इंग्रजीत नदी 'रन' होते, सर्दी झाली की नाक 'रन' होते आणि धुताना कपड्याचा रंगही 'रन' होतो. 'अखंड गती' हे या सर्व अर्थांचे केंद्र मानता येईल.

यंत्रयुगात या केंद्राला नवे क्षेत्र मिळाले. यंत्र, आगगाडी आणि पुढे संगणकाची आज्ञावली यांना हेच क्रियापद लागू झाले. यंत्र चालविणारा तसा संस्था चालविणारा, या साम्यामुळे दुकान किंवा महाविद्यालयही 'रन' केले जाते. गतीची कल्पना काळाला लावल्यावर करार दोन वर्षे 'रन' होतो आणि नाटकाचे प्रयोग काही आठवडे 'रन' होतात. निवडणुकीस उभे राहण्याला ब्रिटिश इंग्रजीत 'स्टँड' म्हणतात, तर अमेरिकन इंग्रजीत 'रन'. एकाच कृतीकडे दोन समाजांनी दोन रूपकांतून पाहिले, असे म्हणता येईल.

३. लक्षणेच्या आधारे स्पष्टीकरण

हा विस्तार समजून घेण्यास भारतीय अर्थविचारातील लक्षणेची संकल्पना उपयुक्त ठरते. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन गोष्टी आवश्यक मानल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध आणि रूढी किंवा प्रयोजन. 'रस्ता नदीकाठाने रन होतो' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यात रस्ता स्थिर असल्याने मुख्यार्थाचा बाध होतो. रस्त्याबरोबर पाहणाऱ्याची दृष्टी पुढे सरकते, हा मुख्यार्थाशी असलेला संबंध होय. प्रयोग सर्वमान्य झाला आहे, ही रूढी होय.

अनेक अर्थांपैकी नेमका कोणता घ्यावयाचा, याचे उत्तर प्रकरण देते. 'सैंधव आण' असे भोजनाच्या वेळी म्हटले तर मीठ आणि प्रवासाच्या वेळी म्हटले तर घोडा, हे परंपरेतील उदाहरण सर्वपरिचित आहे. 'रन'चा अर्थही असाच सोबतच्या शब्दांवरून ठरतो.

४. मराठीतील समांतर

मराठी विद्यार्थ्याला ही घटना परकी नाही. घड्याळ चालते, दुकान चालते, श्वास चालतो, नाटक चालते, खटला चालतो आणि 'उद्या आलात तरी चालेल' असेही आपण म्हणतो. 'रन'च्या अनेक अर्थांना मराठीत 'धावणे' नव्हे, तर 'चालणे' किंवा 'चालविणे' हे क्रियापद जुळते. मात्र ही जुळणी सर्वत्र होत नाही. रंग 'जातो', नाक 'वाहते', ताप 'येतो'. क्रिकेटमध्ये आपण इंग्रजी प्रयोगाचा अनुवाद 'धाव' असा केला. परिणामी चेंडू सीमेपार गेल्यावर फलंदाज न धावताही त्याच्या नावावर चार 'धावा' जमा होतात. म्हणजेच भाषांतराद्वारे मराठी शब्दाचाही अर्थविस्तार झाला आहे.

५. अध्यापनविषयक सूचना

पहिली सूचना अशी की, 'रन = धावणे' अशा एकास एक याद्या पदवी स्तरावर टाळाव्यात. शब्द त्याच्या सहचर शब्दांसह द्यावा. दुसरी, अर्थांची यादी पाठ करून न घेता केंद्रापासून शाखेकडे जाणारा संबंध विद्यार्थ्यालाच शोधू द्यावा. तिसरी, पाच-सहा इंग्रजी वाक्ये देऊन प्रत्येकासाठी मराठीत कोणते क्रियापद योजावे लागते, हे वर्गात विचारावे. या कृतीतून विद्यार्थ्याचे मातृभाषेचे ज्ञान अडथळा न राहता साधन बनते.

समारोप

६४५ अर्थच्छटा कोणताही विद्यार्थी पाठ करू शकत नाही आणि इंग्रजी भाषकही त्या पाठ करीत नाही. केंद्रस्थानी असलेला अर्थ आणि संदर्भ या दोहोंच्या आधारे तो अर्थनिर्णय करतो. 'मला हा शब्द येतो' या खात्रीच्या जागी 'येथे या शब्दाचा अर्थ काय?' हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात निर्माण करणे, हेच शब्दसंपत्तीच्या अध्यापनाचे पहिले उद्दिष्ट असावे.